धनराजचे गोल कुणी मोजले?

धनराज पिल्ले भारताकडून 339 आंतरराष्ट्रीय सामने खेळले. गोल किती केले, असं विचारलं की उत्तर येतं: 170च्या वर. हे उत्तर त्यांच्या स्वतःच्या हिशेबातून आणि आकडेवारीच्या एका जाणकाराच्या टिपणांतून आलेलं आहे. भारतीय हॉकी महासंघानं त्या काळात गोलांची अधिकृत नोंद ठेवलीच नव्हती. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई खेळ आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळलेल्या आघाडीच्या खेळाडूचे गोल त्याच्या महासंघाकडेच लिहिलेले नसावेत, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

हा माणूस काही लांबचा नाही. दौंडहून गाडीत बसायचं, पुणे आणि शिवाजीनगर मागे टाकायचं, की पुढचं स्टेशन खडकी. तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या कामगार वसाहतीत धनराज वाढले. वडील मैदानाची देखभाल करायचे. पोरांच्या हातात मोडक्या स्टिक, खेळायला इतरांनी टाकून दिलेले चेंडू, आणि पायाखाली पावसानं भुसभुशीत झालेली चिखलाची जमीन. अशा जमिनीवर चेंडू स्टिकला चिकटवून पळायला शिकलेला खेळाडू गुळगुळीत टर्फवर गेला तेव्हा त्याला अडवायचं कसं, हे जगभरच्या बचावफळ्यांना कळेना.

पॅरिस ऑलिंपिकनंतर जुन्या-नव्या खेळाडूंच्या तुलनेला पुन्हा ऊत आला. भारताच्याच हरमनप्रीत सिंगनं 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय गोलांची दोनशेची रेघ ओलांडली, तीही सुमारे 230 सामन्यांत. म्हणजे धनराजपेक्षा शंभरेक सामने कमी आणि गोल जास्त. कागदावर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण पाबळ-कान्हूर मेसाईच्या जिरायती रानातला ज्वारीचा उतारा आणि दौंडमधल्या मुठा कालव्याखालचा उतारा शेजारीशेजारी लिहून शिरूरचा शेतकरी कधी कुणाला शहाणा किंवा आळशी ठरवत नाही. तो आधी पाणी विचारतो.

हॉकीतही आधी पाणीच विचारायला हवं. 1932च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघ होते तीन. भारतानं जपानला 11-1 आणि अमेरिकेला 24-1 असं हरवलं. दोन सामन्यांत रूपसिंगचे 13 गोल, थोरले बंधू ध्यानचंद यांचे 12. सामन्यामागे सहा गोलांची ही सरासरी आज कुणाला गाठता येणार नाही आणि गाठायची गरजही नाही. ध्यानचंद यांचं मोठेपण 1928च्या ॲम्स्टरडॅममध्ये जास्त स्पष्ट दिसतं. पाच सामने, भारताचे 29 गोल, त्यांतले 14 एकट्या ध्यानचंदचे, आणि भारतावर एकही गोल नाही.

संघाच्या गोलांतला वाटा मोजला, की काळाचा फरक पुष्कळ निवळतो. 1952च्या हेलसिंकीत भारतानं तीन सामन्यांत 13 गोल केले. त्यांतले नऊ बलबीर सिंग सीनियर यांचे, आणि नेदरलँड्सविरुद्धच्या 6-1 अशा अंतिम सामन्यात पाच. पॅरिसमध्ये भारताचे आठ सामन्यांत 15 गोल, त्यांतले दहा हरमनप्रीतचे. एकाचा वाटा 69 टक्के, दुसऱ्याचा 67. मध्ये 72 वर्षं गेली, गवताचं टर्फ झालं, आणि ओझं तरी एकाच खांद्यावर जवळपास तेवढंच पडलं. हा आकडा एकदा पाहिला की बलबीर आणि हरमनप्रीत यांत थोर कोण, हा वाद घालण्याचं मनच होत नाही.

धनराजना मात्र ही फुटपट्टीही पुरत नाही. बलबीर गवतावर गोलासमोर उभे राहून फटका मारत. हरमनप्रीत मुळात बचावपटू आहे आणि त्याचे बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नरवरच्या ड्रॅग फ्लिकचे. कॉर्नरवरचा पहिला सरळ फटका गोलातल्या 460 मिलिमीटरच्या फळीच्या उंचीतच राहावा लागतो. फ्लिकला ते बंधन नाही. 1990च्या दशकात हे तंत्र रुळलं आणि गोलांचा हिशेबच बदलला. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासनं 348 गोल केले ते याच शस्त्रावर.

धनराजची कारकीर्द 1989 ते 2004. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा, ऑफसाइडची गच्छंती, ड्रॅग फ्लिकचा उदय, हे सगळं त्याच पंधरा वर्षांत घडलं. एकाच माणसानं दोन जमाने पाहिले. वेगात डीमध्ये शिरायचं, बचावपटूला चूक करायला लावायची आणि कॉर्नर मिळवायचा, हे त्यांचं खरं काम. नंतर फ्लिक जुगराज सिंगसारख्यानं मारली की गोल त्याच्या नावावर. कॉर्नर कुणी कमावला, हा रकाना गोलफलकात नसतोच. 1998च्या बँकॉक आशियाई खेळांत भारतानं 32 वर्षांनी सुवर्ण जिंकलं, कर्णधार धनराज होते. त्या स्पर्धेतही कमावलेले कॉर्नर गोलांच्या यादीत शोधून सापडत नाहीत.

आता तर गल्लतीला आणखी एक वाट फुटली आहे. जानेवारी 2024 मध्ये मस्कतला पाच जणींच्या हॉकीचा पहिला महिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारत नेदरलँड्सकडून 2-7 असा हरला आणि भारताच्या दोन गोलांपैकी एक सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळचा होता. या प्रकारात मैदानातून कुठूनही गोल मारता येतो. तो गोल अकरा जणींच्या हॉकीतल्या गोलांत मिसळला, तर वीस वर्षांनी ऋतुजाच्या पिढीचीही हीच पंचाईत होईल. वेगळी वही आजच घालायला हवी.

आणि धनराजच्या सामन्यांचं काय? त्यांच्याबरोबर खेळलेले बरेच जण आज साठीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. वर्तमानपत्रांचे जुने अंक ग्रंथालयांत आहेत, मोठ्या स्पर्धांची चित्रणं आहेत. राज्य संघटनेनं दोन-तीन जाणकार बसवून सामनावार गोल, मैदानी की कॉर्नरचा, आणि कॉर्नर कुणी मिळवला, एवढे तीन रकाने भरायला घेतले तर 339 पैकी निदान विश्वचषक आणि ऑलिंपिकचे सामने आधी हातावेगळे करता येतील.