इंजिनांचा हजेरीपट

गेल्या महिन्याच्या टपालात एका वाचक भगिनींचे पत्र आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत, ओहायो राज्यात, स्थायिक झाले असून घराच्या तळघरात त्यांनी छोट्या आगगाडीचा संसार मांडला आहे. "गाड्या जुळवतो ते समजते," बाई लिहितात, "पण सहा महिने झाले, रूळ तसेच पडून आहेत आणि हा रात्री बसून नुसती इंजिनांची यादी करतो. नसलेल्या रेल्वेच्या नसलेल्या इंजिनांची यादी करण्यात एवढे असते तरी काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु ह्या छंदात बुद्धीला जेवढे काम आहे, त्यातले निम्मे ह्या यादीतच आहे, असे आम्ही म्हटले तर बाईंनी रागावू नये.

छोट्या रेल्वेच्या उपासकांत दोन पंथ आहेत. पहिला एखादी खरी रेल्वे तिच्या स्थानकांसह हुबेहूब उतरवतो. दुसरा रेल्वे कंपनीच कल्पनेने निर्माण करतो. ओहायोतल्याच डेटन शहरचे ॲलन मॅक्लेलंड हे ह्या दुसऱ्या पंथाचे एक आद्य आचार्य. त्यांची 'व्हर्जिनियन अँड ओहायो' ही कोळसा वाहणारी रेल्वे ॲपलेशियन पर्वतात कधीच नव्हती. पण ती नव्हती, हे पाहणाऱ्याला मुद्दाम सांगावे लागे. टोनी कोस्टर यांची 'ॲलेघेनी मिडलँड' तशीच. रेल्वे खोटी असली तरी ती दोन्ही टोकांना खऱ्या रेल्वेंना जोडलेली आहे, भिंतीपलीकडून माल येतो आणि भिंतीपलीकडे जातो, हे त्यांनी गृहीत धरले आणि मग प्रत्येक गोष्टीला कारण शोधले. इंजिनांच्या यादीलाही कारण लागते, ते इथून.

नवशिका काय करतो? दुकानात जे इंजिन मनात भरेल ते घेतो. एक ह्या कारखान्याचे, एक त्या कारखान्याचे. आणि मग युनियन पॅसिफिकचा तो प्रचंड 'बिग बॉय' त्याला खुणावू लागतो. १९४१ ते १९४४ ह्या काळात ॲल्कोने अशी अवघी पंचवीस इंजिने बांधली, तीही वायोमिंग-युटाकडच्या विशिष्ट चढांसाठी. तसले धूड पेलायला रूळ, पूल, इंजिन फिरवण्याची चकती, सारेच त्या मापाचे लागते. डोंगरातल्या लहानशा कोळसा कंपनीने ते घेतले असते, तर भागधारकांनी संचालकांना घरी बसवले असते. अशा नवशिक्याच्या तळघरात अकरा इंजिने असतात आणि अकराही वेगळी असतात. ते प्रदर्शन झाले, रेल्वे नव्हे. खऱ्या कंपनीच्या शेडमध्ये जाऊन पाहावे तर तेच ते इंजिन, ओळीने, नुसते आकडे बदललेले. ह्या छंदातले अवघड व्रत हेच आहे : आवडीचे सोडायचे आणि सामान्य तेच पुन्हा पुन्हा घ्यायचे.

आता किती घ्यायची, हे गणिताने ठरते. समजा, आपली कंपनी १९६० साली रोज चार कोळशाच्या गाड्या चालवते. प्रत्येकीत चाळीस भरलेल्या वाघिणी, दर वाघीण डब्यासह ९५ टन. म्हणजे गाडी ३८०० टनांची. (हा टन अमेरिकेतला, २००० पौंडांचा.) मार्गात एक घाट आहे, शेकडा दीड चढाचा. आपल्या कर्जत-लोणावळ्याच्या भोर घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, म्हणजे शेकडा २.७, त्या मानाने हा सौम्यच. पण शेकडा एक चढाला दर टनामागे २० पौंड ओढ अधिक लागते, हा रेल्वेचा पक्का नियम. दीडाला ३० पौंड, चाकांच्या घर्षणाचे पाच धरा, झाले ३५. १७५० अश्वशक्तीचे 'जीपी-९' हे चार आसांचे इंजिन ताशी बारा मैलांच्या चालीने सुमारे ४४ हजार पौंड ओढू शकते. भागाकार करून त्यातून इंजिनाचे स्वतःचे सव्वाशे टन वजा केले, तर उरतात साधारण ११३० टन. म्हणजे एका गाडीला तीन इंजिने पुरत नाहीत, चार हवीत. जाऊन येऊन एक दिवस लागत असेल, तर चार गाड्यांना सोळा इंजिने.

पण इथे थांबून विचार करावा. घाट बारा मैलांचा. उरलेल्या मार्गावर शेकडा अर्ध्याहून अधिक चढ नसेल, तर तिथे दोनच इंजिने ती गाडी आरामात नेतील. मग प्रत्येक गाडीला दोन, आणि घाटाच्या पायथ्याशी दोन बँकर ठेवावे. एक तास वर ढकलायला, एक तास उतरून परत यायला; गाड्या वेळ सोडून आल्या, तर ही एकच जोडी चारी गाड्यांना पुरते. सोळाच्या जागी दहा इंजिने! सहा इंजिनांची किंमत वाचली. मात्र पायथ्याला शेड आली, दिवसरात्र चालकांची पाळी आली, आणि प्रत्येक गाडी तिथे थांबणार हे आले. खऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत ह्याच प्रश्नावर वाद होत असत. आमचा कौल बँकरला. कारण पैशाचे गणित दोन्हीकडे झुकू शकते, पण तळघरात उभे राहून पाहणाऱ्याला गाडीच्या मागून ढकलणारी जोडी दिसणे हे सुख निराळेच.

ह्या दहांत गावोगावच्या फुटकळ मालगाडीची दोन, यार्डात शंटिंगची दोन, आणि दुरुस्तीला उभी म्हणून आणखी दोन मिळवा. हे शेवटचे दोन नवशिक्याच्या यादीत कधीच नसतात. यादी सोळांवर आली.

संख्या मिळाली, आता वये. रेल्वे कंपनी इंजिने एकेक करून विकत घेत नाही. चांगल्या वर्षी कर्ज काढून एकदम पाच-दहा घेते. ते कर्ज बहुधा पंधरा वर्षांचे असे. म्हणून यादीत इंजिने गठ्ठ्यांनी येतात आणि गठ्ठ्यांनी जातात. कोळसेवाल्या रेल्वेने वाफ उशिरा सोडली, हेही विसरू नये; जिच्या भाकरीचे पीठच कोळशाचे, ती डिझेलला सहजी कशी हात लावणार? नॉरफोक अँड वेस्टर्नने वाफेची इंजिने १९६० पर्यंत चालवली. तेव्हा आपल्या कंपनीने १९५५ च्या सुमारास एक गठ्ठा जीपी-९ घेतला आणि शेवटची वाफेची जोडी घाटात ढकलायला राखली, असे म्हणणे शोभून दिसते.

मग स्वभाव. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने युद्धोत्तर घाईत जवळजवळ प्रत्येक कारखान्याचे डिझेल घेतले आणि सुट्या भागांच्या जंजाळात ती सापडली. डेलावेअर अँड हडसन मात्र दीर्घकाळ ॲल्कोशी एकनिष्ठ राहिली. ॲल्कोचा कारखाना तिच्याच मार्गावर, स्केनेक्टडीला होता. कारखानेही एकेक करून मिटले : बॉल्डविनने १९५६ साली इंजिने बांधणे थांबवले, ॲल्कोने १९६९ साली. (ॲल्कोचा वंश मात्र आपल्याकडे वाढला. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली 'डब्ल्यूडीएम-२' ही ॲल्कोच्याच आराखड्याची. आपल्यातील कित्येकांचा माहेरचा प्रवास तिच्यामागे बसून झाला आहे.) ज्या इंजिनाचा कारखाना मिटला ते पोरके होते. त्याला लांब पाठवत नाहीत. कार्यशाळेजवळ शंटिंगला ठेवतात, दोन मोडून एक चालवतात. कल्पित यादीत असे एखादे पोरके बॉल्डविन यार्डात असले की यादीला भूतकाळ येतो.

जुने इंजिन मोडीत देऊन नवे घेताना जुन्याचे भागही कामी येत. 'गल्फ, मोबाइल अँड ओहायो'ची १९६० च्या दशकातली काही नवी जीपी इंजिने मोडीतल्या ॲल्कोच्या चाकगाड्यांवर धावली. अंग एका कारखान्याचे, पाय दुसऱ्याचे! सांता फे कंपनीने तर १९७० ते १९७८ ह्या काळात टेक्सासमधील क्लीबर्नच्या कार्यशाळेत जुनी गोल नाकाची एफ इंजिने कापून त्यांतून २३३ 'सीएफ-७' घडवली. पुढे १९८० च्या दशकात लहान रेल्वे कंपन्यांची पैदास वाढली, तेव्हा ती त्यांनी स्वस्तात उचलली. ज्याची काल्पनिक कंपनी त्या दशकात आहे आणि ज्याची तिजोरी बेताची आहे, त्याने सीएफ-७ खुशाल घ्यावे. १९६० च्या कंपनीने घेतले, तर मात्र जाणकार पाहुणा चहा घेऊन मुकाट निघून जाईल.

राहिले तळघर. छोट्या आगगाडीचे रूढ माप सत्त्याऐंशीस एक. त्या मापाने चाळीस वाघिणींची गाडी वीस फुटांच्या आसपास जाते आणि तिची शेपटी बोगद्यात असताना तोंड दुसऱ्या भिंतीला टेकते. म्हणून गाडी पंधरा वाघिणींची करावी, पुढे एक इंजिन, मागे एक बँकर. कागदावरच्या सोळांतून प्रत्यक्ष आठ घ्यावीत; त्यांत पाच जीपी-९, एक पोरके, शंटिंगचे एक आणि वाफेचे एक. त्या पाचांचे आकडे ओळीने देऊ नयेत : ७०१, ७०२, ७०४, ७०७, ७०९. मधली कुठे आहेत असे कोणी विचारले, तर दोन भिंतीपलीकडे गाडी घेऊन गेली आहेत, एक दुरुस्तीला आहे, आणि ७०३ घाटात उतरताना गेले. रंगही सगळ्यांना एक देऊ नये. नवा रंग ठरला, तरी सारी इंजिने त्यात यायला वर्षे लागतात. तेव्हा दोन नव्या रंगात, दोन जुन्या, आणि एकाच्या नव्या अक्षरांखालून जुने नाव पुसटसे वाचता यावे.