विश्लेषण : सिंह वाचवण्यासाठीच सिंहाची शिकार? आफ्रिकेतील ‘ट्रॉफी हंटिंग’चा हिशेब जुळतो का?

झिम्बाब्वेतील ‘सेसिल’ सिंहाच्या शिकारीवरून २०१५ मध्ये जगभर संताप उसळला होता. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात ‘ब्लाँडी’ हा आणखी एक रेडिओ कॉलर लावलेला नर मारला गेला. परवाना होता, शुल्क भरले होते, कागदपत्रेही पूर्ण होती. मग आक्षेप नेमका कशाला आहे आणि शिकारीचे समर्थक म्हणतात त्यात तथ्य किती?

ब्लाँडी प्रकरण काय?

ब्लाँडी जेमतेम पाच वर्षांचा होता. तीन सिंहिणी आणि दहा छाव्यांच्या कळपाचा तो प्रमुख नर होता. आमिष टाकून त्याला शिकारीला परवानगी असलेल्या भागात आणल्याचा आरोप झाला. तेथील वन्यजीव प्राधिकरणाने शिकार कायदेशीर असल्याचे सांगितले. कॉलर हे संशोधनाचे साधन आहे, ते लावले म्हणून प्राण्याला संरक्षण मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्याच्या भाषेत तो चूक नाही.

सेसिलची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक ज्याच्या हालचाली नोंदवत होते, तो १३ वर्षांचा काळ्या आयाळीचा सिंह. अमेरिकेतील एका दंतवैद्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचे तेव्हा सांगितले गेले. बाण लागल्यानंतर सेसिल काही तास जखमी अवस्थेत फिरत होता. दोन वर्षांनी त्याचा मुलगा ‘झांडा’ही उद्यानाच्या हद्दीबाहेर मारला गेला. तो सहा वर्षांचा होता.

एक नर गेला तर बिघडते कुठे?

हरणांच्या कळपातून एक नर कमी झाला तर दुसरा त्याची जागा घेतो आणि फारसे बिघडत नाही. सिंहांचे तसे नसते. सिंहिणी आणि छाव्यांचे इतर नरांपासून रक्षण करणे हे कळपातील नराचे मुख्य काम. तो गेला की बाहेरचे नर चाल करून येतात आणि आधीच्या नराचे लहान छावे मारतात. छावे गेले की सिंहिणी लवकर पुन्हा माजावर येतात आणि नव्या नराला स्वतःची पिल्ले मिळतात. म्हणजे परवाना एका सिंहाचा असला, तरी प्रत्यक्षात मरणाऱ्यांची संख्या एकावर थांबेलच असे नाही. सिंहाच्या शिकारीवरचा सगळ्यात ठोस आक्षेप हा आहे आणि त्यासाठी भावनेची गरज पडत नाही.

ह्वांगेतच याचा दीर्घ अभ्यास झाला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी खुणा केलेल्या ६२ सिंहांपैकी ३४ अभ्यासाच्या काळात मेले आणि त्यातले २४ हौशी शिकाऱ्यांच्या गोळीने. खुणा केलेल्या प्रौढ नरांपैकी तर ७२ टक्के शिकारीत गेले. उद्यानाच्या कडेचा नर मारला की ती जागा रिकामी होते, आतला नर तिथे सरकतो आणि पुढच्या हंगामात तोही बंदुकीच्या टप्प्यात येतो. बाहेरची शिकार अशी आतला सिंह ओढून घेते. २००५ ते २००८ या काळात ह्वांगेभोवती सिंहांची शिकार थांबवली गेली, तेव्हा नरांची संख्या पुन्हा वाढली. झांबियानेही २०१३ नंतर काही वर्षे शिकार बंद ठेवली होती. त्या काळात दक्षिण लुआंग्वा खोऱ्यात नरांचे जगण्याचे प्रमाण सुधारले आणि छावेही जास्त दिसू लागले.

सहा वर्षांचा नियम

यावर एक वैज्ञानिक तोडगा २००४ मध्येच पुढे आला होता. क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मधील शोधनिबंधात मांडले, की पाच-सहा वर्षांपेक्षा मोठे नरच मारले तर सिंहांच्या संख्येवर फारसा परिणाम होत नाही. तोवर नराची एक पिढी वाढवून झालेली असते. वयाचा अंदाज नाकावरून येतो. सिंहाचे नाक लहानपणी गुलाबी असते आणि वयानुसार त्यावर काळे ठिपके वाढत जातात.

कागदावर हे सोपे आहे. पण संध्याकाळच्या उजेडात, शंभरेक मीटरवरून, २१ दिवसांच्या सफारीचे पैसे भरलेला ग्राहक शेजारी बसलेला असताना नाकावरचे ठिपके मोजायचे कोणी? मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात यावर उत्तर शोधले गेले. मारलेल्या प्रत्येक सिंहाचे वय तपासायचे आणि कमी वयाचा नर मारणाऱ्या कंपनीचा पुढच्या वर्षीचा कोटा कापायचा. काही वर्षांत तेथे तरुण नर मारण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. म्हणजे नियम पाळता येतो, पण मोडणाऱ्याच्या खिशाला झळ बसली तरच. ब्लाँडीच्या शिकारीत सगळी कागदपत्रे बरोबर होती, असे म्हणताना त्याचे वय मात्र बाजूला पडते.

मग समर्थक काय म्हणतात?

त्यांचा मुद्दा प्राण्यापेक्षा जमिनीचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आफ्रिकेत आज जंगलात साधारण २० ते २५ हजार सिंह उरले आहेत आणि एकेकाळच्या अधिवासाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भागात ते राहतात. त्यांना सगळ्यात मोठा धोका हौशी शिकाऱ्यांचा नाही. गुरे आणि शेती जंगलात सरकणे, मांसासाठी लावलेल्या तारेच्या फासांमुळे सावज संपणे, गाय मारली म्हणून विष घालून सूड घेणे, ही मुख्य कारणे. शिकारीसाठी राखलेली जमीन मात्र आफ्रिकेत १३ लाख चौरस किलोमीटरहून अधिक असल्याचा अंदाज दोन दशकांपूर्वी मांडला गेला होता. त्या खंडातील राष्ट्रीय उद्यानांपेक्षाही हे क्षेत्र मोठे.

यातला बराच भाग सपाट, काटेरी, रस्ते नसलेला आणि त्सेत्से माशीने भरलेला आहे. कॅमेरा घेऊन येणारा पर्यटक सेरेनगेटीला जातो, तिकडे वळत नाही. शिकारी वळतो. तो गेला की गस्त घालणाऱ्यांचे पगार कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली, तरी तेथील वन्यप्राणी त्यानंतर घटतच गेले, हे उदाहरण समर्थक हमखास देतात.

आणखी एक बाजू शहरी वाचकांना टोचते. सेसिलवरून अमेरिकेत अश्रू ढाळले जात असताना, तिथेच शिकणाऱ्या झिम्बाब्वेच्या एका विद्यार्थ्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले, की ही बातमी ऐकून आपल्याला आनंदच झाला होता. त्याच्या गावात सिंहाला कोणी लाडाचे नाव देत नव्हते, त्याची भीती होती. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्याच्या दहशतीखाली राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पैसा गावापर्यंत पोहोचतो?

इथे समर्थकांचा हिशेब डळमळतो. झिम्बाब्वेची ‘कॅम्पफायर’ योजना १९८०च्या दशकाअखेरीस नेमक्या याच कल्पनेवर उभी राहिली, की वन्यप्राण्यांपासून मिळणारे उत्पन्न त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना मिळावे. प्रत्यक्षात पैसा आधी सफारी कंपनी, मग जिल्हा परिषद, मग प्रभाग असा झिरपतो आणि ज्याची गाय गेली त्याच्या हाती फार थोडे पडते, ही अभ्यासकांची जुनी तक्रार आहे. नामिबियात १९९६च्या कायद्यानंतर गावांच्या स्वतःच्या संस्थांना थेट करार करता येऊ लागले. तेथील चित्र तुलनेने बरे आहे. टांझानियात तर ग्राहक नसल्याने अनेक शिकारक्षेत्रे कंपन्यांनी परत केली आहेत. म्हणजे ‘शिकारीमुळे जमीन टिकते’ हा आधारही आता सगळीकडे उरलेला नाही.

दक्षिण आफ्रिकेतील कुंपणाआडच्या शिकारीला तर हे कोणतेच समर्थन लागू पडत नाही. तेथे हजारो सिंह पिंजऱ्यांत वाढवले जातात. छावे पर्यटकांच्या मांडीवर दिले जातात, मोठे झाले की कुंपणात सोडून मारले जातात आणि हाडे आशियाच्या बाजारात वाघाच्या हाडांना पर्याय म्हणून जातात. यात ना जंगल वाचते, ना जंगलातला सिंह. हा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारने मे २०२१ मध्ये जाहीर केला, पण अंमलबजावणी कासवगतीने सुरू आहे.

गीरचे उदाहरण लागू होते?

भारतात सिंहाच्या शिकारीचा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गीरमध्ये मोजकेच सिंह उरले होते, जुनागढच्या नवाबांनी त्यांना संरक्षण दिले आणि मे २०२५ च्या गणनेत ही संख्या ८९१ वर पोहोचली. शिकाऱ्याच्या एका डॉलरशिवाय हे घडले, हे खरेच. मात्र गुरे मेली की भरपाई देणारी सरकारी तिजोरी गीरमागे उभी आहे. झिम्बाब्वेकडे तशी तिजोरी नाही.

आयातबंदीने काय साधते?

ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने २०१५ मध्येच सिंहाच्या ‘ट्रॉफी’ देशात आणण्यास मनाई केली. अमेरिकेने त्याच वर्षाअखेरीस सिंहांना आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेऊन आयातीच्या अटी कडक केल्या. ब्रिटनचे विधेयक मार्च २०२३ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि वरिष्ठ सभागृहात अडकले. मजूर पक्षाने २०२४च्या जाहीरनाम्यात पुन्हा तेच आश्वासन दिले. जर्मनीत असाच विचार सुरू झाला, तेव्हा बोत्सवानाच्या तत्कालीन अध्यक्षांनी २० हजार हत्ती जर्मनीला पाठवून देण्याची धमकी दिली होती. धमकी नाटकी होती, त्यामागची चीड नव्हे.

वयाचा नियम न पाळणारी आणि गावाला वाटा न देणारी शिकार ‘संवर्धन’ या नावाला पात्र नाही. आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी शिकार कंपन्यांवर टाकायला हवी आणि ते जमत नसेल तर परवाना नको. पण बंदी घालणाऱ्या श्रीमंत देशांनाही यातून सूट मिळत नाही. आपल्या विमानतळावर सिंहाचे मुंडके अडवायला फारसा खर्च येत नाही. त्सेत्से माशीच्या त्या रानात गस्त चालू ठेवायची आणि मेलेल्या गायीची किंमत शेतकऱ्याला द्यायची, तर दरवर्षी पैसे लागतात. ब्रिटनच्या विधेयकात त्यासाठी एका पौंडाचीही तरतूद नव्हती.