परत बोलावता, तर कारणही सांगा




ऑक्टोबर आला की आपल्या नागपुरात स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचे फलक लागतात, गुलाबी फिती वाटल्या जातात, महिला मंडळांत डॉक्टरांची व्याख्याने होतात. हे व्हायलाच हवे. पण हा सगळा उत्साह ‘मॅमोग्राफी करून घ्या’ इथे येऊन थांबतो. तपासणीनंतर काही जणींना पुन्हा बोलावले जाते. त्या बोलावण्यापासून पुढच्या तपासणीपर्यंतचे दिवस त्या कशा काढतात, हे कोणी विचारत नाही. या दिवसांतली बरीचशी भीती टाळता येण्यासारखी आहे आणि ती टाळणे ही तपासणी करणाऱ्यांची जबाबदारी आहे, एवढे ठामपणे सांगण्यासाठी हे पत्र.

यंदा मी स्वतः यातून गेले. केंद्राचे नाव घेत नाही, कारण मैत्रिणींचे अनुभव ऐकले तर दुसरीकडेही हेच चालते. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, ‘‘मॅडम, डाव्या बाजूच्या फिल्म परत काढायच्या आहेत, सोमवारी या.’’ का, असे विचारले तर ‘‘ते डॉक्टर सांगतील’’ म्हणून फोन ठेवला. मोबाइलवर आलेल्या अहवालात शेवटी ‘बायरॅड्स ०’ असे लिहिलेले. घरात कोणी म्हणाले शून्य म्हणजे काहीच नाही, कोणी गप्पच झाले. सोमवारी छोट्या पट्टीने तेवढाच भाग दाबून पुन्हा फिल्म काढली, मग सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि आधीच्या फिल्ममध्ये दोन पदर एकावर एक आल्याने ठिपका कसा दिसत होता, ते दाखवले. समजवायला त्यांना दोन मिनिटे लागली. यातले ‘चित्र स्पष्ट आले नाही म्हणून पुन्हा काढायचे’ एवढे वाक्य शुक्रवारच्या फोनवर सांगता आले असते.

‘बायरॅड्स’ ही अहवालातली श्रेणी; तिच्यात ० याचा अर्थ ‘चित्र अपुरे, आणखी तपासणी हवी’ एवढाच. तो रोगाचा निर्वाळा नाही आणि निर्धोकपणाचाही नाही. मॅमोग्राफीत सगळे थर एकाच सपाट चित्रावर उमटतात, त्यामुळे दाट ऊती असलेल्या स्तनात नीट दिसत नाही. पहिल्याच तपासणीला ताडून पाहायला जुनी फिल्मही नसते. अमेरिकेत काहीही तक्रार नसताना तपासणीला येणाऱ्या शंभर महिलांपैकी सुमारे दहा जणींना परत बोलावतात, आणि अशा बोलावलेल्या शंभरांत साधारण पाच जणींना कर्करोग निघतो. ब्रिटनमध्ये जरा हात राखून बोलावतात. तिथे शंभरांत चार जणींना बोलावणे येते आणि त्या चौघींत एकीला रोग निघतो. हाताला गाठ लागली म्हणून गेलेल्या बाईला हे आकडे लागू नाहीत. पण नुसत्या नियमित तपासणीला गेलेल्या बाईला ते आधी कळले, तर फोन आल्यावर ती थेट मरणाचा विचार करणार नाही.

‘सांगितले तर बायका घाबरतात’, असे एक उत्तर मिळते. याच समजुतीतून काही ठिकाणी बाईऐवजी तिच्या नवऱ्याला किंवा मुलाला फोन जातो आणि घरात कुजबुज सुरू होते. तिला ती ऐकू येतेच. छाती तिची आहे, पहिला फोन तिलाच गेला पाहिजे. कारण न सांगता बोलावले की मन सगळ्यात वाईट तेच धरून बसते. ही भीती निकाल चांगला आला म्हणून लगेच सरतेही असे नाही. शेवटी काहीही न निघालेल्या महिलांच्या मनावर तीन वर्षांनंतरही परिणाम राहतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात दिसले. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा लाखांहून अधिक महिलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिला निकाल स्वच्छ असलेल्यांपैकी ७७ टक्के जणी पुढच्या नियमित तपासणीला आल्या. ज्यांना ‘सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा’ सांगितले आणि शेवटी काही निघाले नाही, त्यांच्यापैकी ६१ टक्केच आल्या.

आपल्याकडे तर मुळात येतातच किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर महिलांत जेमतेम एकीने कधीतरी स्तनाची तपासणी करून घेतली होती. आलेल्या बाईला असे धास्तावून परत पाठवणे आपल्याला परवडणारे नाही.

मग तपासणीच नको, असेही म्हणणारे भेटतात. त्यांनी मुंबईकडे पाहावे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासात वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिला होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी केली. रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या महिलांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. वस्त्यांमधल्या त्या तपासणीत मॅमोग्राफी नव्हती, पण शंका आलेल्या बाईला पुढच्या तपासणीसाठी टाटा रुग्णालयात बोलावण्याची सोय पहिल्यापासून होती. बोलावलेली बाई आली, तरच तपासणीचा उपयोग.

म्हणून केंद्रांकडे आणि शिबिरे घेणाऱ्यांकडे माझी मागणी अशी. परत बोलावताना मराठीत आणि हिंदीत एक चिठ्ठी द्या: ‘तुमच्या डाव्या बाजूचा एक भाग नीट दिसला नाही. त्यासाठी जास्तीची फिल्म आणि सोनोग्राफी करायची आहे. अशा बोलावलेल्या बहुतेक महिलांना कर्करोग नसतो, तरी तपासणी पूर्ण होणे आवश्यक आहे. तारीख ही, शंका असल्यास या व्यक्तीला विचारा.’ तारीख त्याच आठवड्यातली द्या. शक्य तिथे दुसरी तपासणी त्याच दिवशी उरका. अमेरिकेत १९९२ च्या मॅमोग्राफी कायद्यात १९९८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून निकालाचे सोप्या भाषेतले पत्र थेट महिलेला पाठवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला पाहायची? एक कागद छापायला असा किती खर्च येतो?

शिबिर घेणाऱ्यांनी पुढची सोय आधी ठरवावी. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची कर्करोग संस्था असे पर्याय शहरात आणि परिसरात आहेत. बोलावलेल्या महिलेने कुठे आणि कोणाकडे जायचे हे ठरलेले नसेल, तर ते शिबिर घेऊ नये.

जिला आज असा फोन आला असेल, तिने तिथल्या तिथे विचारावे: कोणत्या बाजूला, काय दिसले, आता कोणती तपासणी करणार? जुन्या फिल्म असतील तर सोबत न्याव्यात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्याचे कण फिल्ममध्ये ठिपक्यांसारखे दिसू शकतात. काळजी वाटली तर ती घरात बोलून दाखवावी, त्यात कमीपणा नाही. आणि घरच्यांनी ‘काही नसतं गं’ म्हणून तिचे बोलणे तोडू नये. सुट्टी काढून सोबत जावे.

पुढच्या ऑक्टोबरला फलक छापाल, तेव्हा ही चिठ्ठीही छापा. धरमपेठेतल्या महिला मंडळांनी तिचा आग्रह धरावा. ज्या केंद्राची अशी चिठ्ठी द्यायची तयारी नाही, त्याच्यासोबत शिबिर घेऊ नये.

आपली नम्र,
एक वाचक भगिनी
धरमपेठ, नागपूर