भविष्यकाळाचे व्याकरण

क्रियापदाचे अर्थ शिकवताना आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार प्रकार सांगतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. वस्तुतः भविष्य सांगणाऱ्यांची पारख करण्यासाठी याहून उपयुक्त साधन आपल्याजवळ नाही. 'यंदा भरपूर पाऊस होईल' हा स्वार्थ. 'पुरेसा पाऊस झाला, तर पीक तरेल' हा संकेतार्थ. दोन्ही विधाने उद्याविषयीच आहेत. मात्र पहिल्यात बोलणारा अधिकार स्वतःकडे घेतो, तर दुसऱ्यात तो ऐकणाऱ्याच्या हाती कसोटी देतो.

मांजरेकाठच्या, तेलंगणाला लागून असलेल्या बिलोली तालुक्यात हा भेद पुस्तकी राहत नाही. मृग जवळ आला की पंचांगातील नक्षत्राचे वाहन हत्ती की मेंढा याची चर्चा होते, हवामान खात्याचा अंदाज येतो आणि स्वयंघोषित तज्ज्ञांचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. यांपैकी कोणाच्या 'होईल'वर विसंबून सोयाबीन पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च भाकीत करणारा देत नाही.

जयंत नारळीकरांनी 2008 साली सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. तिचे खरे महत्त्व याच संदर्भात कळते. हुशार म्हणून शिक्षकांनी निवडलेली 100 मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली 100 मुले यांच्या जन्मवेळा जमवण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली, एवढेच विचारले. उत्तरे 27 जणांनी पाठवली. बिनचूक उत्तरांची सरासरी सुमारे 46 टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाही. सर्वोत्तम उत्तरही 40 पैकी 24 पर्यंतच पोचले. चाचणीतून दिसले ते हे, की जे विधान एरवी कधीच चूक ठरू शकत नाही, त्याला चूक ठरण्याची संधी देताच त्याचा दरारा ओसरतो.

मग विज्ञान कधी चुकत नाही काय? चुकते, आणि मोठ्या प्रमाणावर चुकते. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने 1988 पासून 16 घटकांवर आधारलेले मान्सूनचे प्रारूप वापरात होते. 2002 साली हवामान खात्याने सामान्य पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात देशात सरासरीच्या सुमारे 81 टक्केच पाऊस झाला आणि दुष्काळ पडला. पण ही चूक आकड्यांत मोजता आली आणि 2003 मध्ये पद्धत बदलावी लागली. अंदाज आणि भाकीत यांत फरक आहे तो हा: अंदाज आपल्या चुकीचा हिशेब ठेवतो.

अर्थात अंदाज वाचणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. 'देशात सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस' या वाक्यातील 'देशात' हा शब्द आपण वाचतच नाही. ते वाक्य बिलोलीच्या शिवाराविषयी काहीही सांगत नसते. उलट 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला कोणतेही भविष्य वर्तवत नाही. तो केवळ अट सांगतो. तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीने उद्याविषयीचे सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच आहे.

इथे साहित्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांचे स्मरण वैज्ञानिक आणि विज्ञानकथाकार असे दोन स्वतंत्र कप्प्यांत केले गेले. ते कप्पे मला मान्य नाहीत. नाशिकच्या 94व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या या लेखकाने 'वामन परत न आला' लिहिताना यंत्रबुद्धीविषयी भाकीत केले नव्हते. विचार करणारे आणि आपल्यासारखी दुसरी यंत्रे घडवू पाहणारे यंत्र माणसाच्या हाती आले, तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी कथेत उभा केला होता. विज्ञानकथा ही संकेतार्थाची कला आहे. ज्योतिषाचा दावा तपासणारा आणि कथा रचणारा माणूस एकच होता, कारण दोन्हीकडे त्याचा आग्रह 'जर'चा होता.

आज यंत्रबुद्धी कोणाच्या नोकऱ्या घेईल, मराठी उरेल की नाही, याविषयी ठणकावून बोलणारे नवे भविष्यवेत्ते दररोज भेटतात. त्यांचे ऐकूच नये, असे नाही. मात्र त्यांच्या वाक्यात अट कुठे आहे, मुदत कोणती आहे आणि ते चुकले हे कशावरून ठरवायचे, हे तीन प्रश्न कवितेतली संदिग्धता उलगडायला शिकलेल्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजेत. ग्रामीण महाविद्यालयातील आमच्या वर्गात बसलेली अनेक मुले जूनमध्ये घरच्या पेरणीला जातात. त्यांना संकेतार्थ केवळ परीक्षेपुरता शिकवणे आपल्याला परवडणार नाही.