समुपदेशकाच्या खुर्चीला जात नसते काय?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातील शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमलाच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. चर्चा झाली ती एवढ्याचीच. पण त्याच निकालात दुसरेही एक कलम आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग अशा विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने आणि भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असे ते सांगते. आमच्या मते खरी कसोटी या दुसऱ्या कलमाची आहे.

समजा, आपल्या वस्तीतला एक मुलगा मोठ्या संस्थेत दाखल झाला. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात त्याला विचारले जाते, ‘रँक किती?’ या प्रश्नाचा अर्थ त्यालाही कळतो आणि विचारणाऱ्यालाही. गाईड त्याला वेळ देत नाही, मेसमध्ये शेजारची खुर्ची रिकामी राहते. त्याची झोप उडते. शेवटी धीर करून तो समुपदेशन केंद्राची पायरी चढतो. समोरच्या बाई सज्जन आहेत. त्या म्हणतात, ‘मी जातपात मानत नाही. तू पण मनातून काढून टाक. सकाळी उठून ध्यान कर.’ आणि फाईलवर लिहितात : न्यूनगंड, जुळवून घेण्यात अडचण. म्हणजे छळणारे मोकळे आणि ज्याला छळले तोच आजारी! १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर बाबासाहेब कामाठीबागेत बसून रडले. त्या दिवशी असा समुपदेशक भेटला असता, तर त्याने त्यांनाही ‘जुळवून घ्या’ हाच सल्ला दिला असता काय?

अन्यायाला आजाराचे नाव देण्याची ही रीत जुनी आहे. १८५१ साली अमेरिकेत कार्टराईट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना ‘ड्रॅपेटोमेनिया’ हा रोग झाल्याचे जाहीर केले होते. त्यावरच्या उपायांत चाबकाचे फटकेही होते! याच देशात १९६८ साली काळ्या मानसशास्त्रज्ञांनी प्रस्थापित संघटनेला आव्हान देत आपली स्वतंत्र संघटना उभारली. पुढे १९९२ साली स्यू, अॅरेडोंडो आणि मॅकडेव्हिस यांनी समुपदेशकासाठी निकषच मांडले. आधी स्वतःचे पूर्वग्रह ओळखा, मग समोरच्याचे जग समजून घ्या, मग त्याला लागू पडेल अशी पद्धत शिका. त्यातला एक निकष आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. समोरच्याची अडचण त्याच्या स्वभावातून आली की इतरांच्या वंशद्वेषातून, हे ठरवायला समुपदेशकाने मदत करावी, म्हणजे जो दोष त्याचा नाही तो त्याने स्वतःच्या माथी घेऊ नये. शिवाय गरज पडली तर त्याच्या बाजूने संस्थेशीही बोलावे. प्रस्थापित अमेरिकन संघटनेने आपल्या वंशवादी इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली, तीही २०२१ साली. आपल्याकडे ही पुस्तके पोहोचली. पण त्यात वंशाच्या जागी जात ठेवून धडा वाचण्याची तयारी किती विभागांनी दाखवली?

कायद्याचीही उणीव नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचार मिळण्याच्या हक्कात जातीवरून भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. थोरात समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधला भेदभाव उघड केला. नंतर २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. पायलच्या घरच्यांनी छळाची तक्रार आधीच केल्याचे सांगितले आहे. अशा ठिकाणी गोड बोलणारा समुपदेशक काय करणार? तक्रार पुढे नेण्याची मुभा त्याला हवी, अॅट्रॉसिटी कायद्याची माहिती हवी, आणि ज्या प्रशासनाविरुद्ध विद्यार्थी बोलतो त्याच प्रशासनाच्या टेबलावर फाईल जाणार नाही याची हमी हवी.

मात्र उलट टोकालाही जाऊ नये. आडनाव ऐकताच ‘हा जातीचा प्रश्न’ असे ठरवणारा समुपदेशकही कच्चाच. बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मातंग मुलगी, नागपुरातल्या बौद्ध अधिकाऱ्याचा मुलगा आणि नंदुरबारचा भिल्ल विद्यार्थी यांना एकाच साच्यात कसे बसवणार? प्रेमभंग झालेल्या पोराचे दुःख प्रेमभंगाचेही असू शकते. विचारावे, ऐकावे, आणि जमेल तिथे त्याच्या भाषेत ऐकावे. घुसमट इंग्रजीत सांगता येतेच असे नाही. दिव्या कंदुकुरी यांच्या ‘द ब्लू डॉन’ने बहुजनांसाठी जात समजणाऱ्या समुपदेशकांचा शोध सुरू केला, तो यासाठीच.

आणि थोडे आपल्या घरातलेही बोलू. रडणाऱ्या पोराला आपणच म्हणतो, ‘बाबासाहेबांचा लेक तू, रडतोस काय?’ हेतू चांगला असतो. पण त्या वाक्याने पोराचे तोंड बंद होते. कार्यकर्त्याला झोप लागत नाही, हे चळवळीत कुणाला सांगायची सोय आहे? मनाच्या डॉक्टरकडे गेलेल्याला वेडा ठरवण्यात आपल्या वस्त्याही मागे नाहीत.

प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो ते विचारतो. यंदा पालकांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत. इथला समुपदेशक कोण आहे, आणि जातीवरून छळ झाला असे मुलाने सांगितले तर तो पुढे काय करतो? उत्तर लेखी मागावे.