जिरायती जीभ

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आमच्या आळीत घराघरांतून भज्यांचा वास येतो. दोन दिवसांनी एकादशी, आणि मग पाळणाऱ्या घरांत चातुर्मासभर कांदा-वांगं बंद. वांगं तर कार्तिकी एकादशी उलटली तरी सुटत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरीच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी भरायची, मगच ते ताटात येतं. पावसाळ्यातल्या वांग्याला आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, किडकं म्हणून नाकं मुरडतात. चाळीतला उन्हाळी कांदाही दमट हवा लागली की कोंब काढतो, नाहीतर सडतो. तेव्हा ही बंदी देवाने घातली की शेताने, या वादात मी पडत नाही.

हल्ली मात्र ‘ऋतूप्रमाणे खा’ असं शहाणपण रोज मोबाइलवर येऊन पडतं. हिवाळ्यात बाजरी खा, ती उष्ण असते. उन्हाळ्यात ज्वारी खा, ती थंड असते. 2023 साल तर संयुक्त राष्ट्रांनीच भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हा या निरोपांना ऊत आला होता. सल्ला चुकीचा नाही. पण आमच्या कऱ्हाटीत, म्हणजे कऱ्हा नदीच्या काठी, बाजरी हिवाळ्यात खातात याचं पहिलं कारण एवढंच, की ती भाद्रपद-आश्विनात काढून घरात येते. शाळू हस्ताच्या पावसावर पेरायचा, तो माघ-फाल्गुनात निघणार. जे धान्य कणगीत आलं, ते तव्यावर गेलं. त्यातून बाजरीचं पीठ चार दिवस जास्त राहिलं की कडू होतं, आणि उन्हाळ्यात तर फारच लवकर. म्हणून उन्हाळ्यात जोंधळ्याची भाकरी. उष्ण आणि थंड हे नंतर सुचलेलं असावं, असा मला दाट संशय आहे.

माझं माहेर सुप्याच्या बाजूचं, सासर नीरेकाठचं. तालुका एकच, बारामती. पण खाण्याचं पंचांग दोन्हीकडे वेगळं. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि माळेगाव, सांगवीकडची जमीन बागायत झाली. मागून साखर कारखाने आले. इकडे उसाला बारा महिने पाणी, त्यामुळे उसाच्या कडेला, पाटाच्या काठाला कोथिंबीर, मेथी, वांगी केव्हाही. उलट मोरगाव, सुपे, उंडवडी हा पट्टा जिरायत. पाऊस वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही बराचसा परतीचा. कऱ्हा नदी म्हणायची आणि पात्रातून कोरड्या पायाने पलीकडे जायचं. कालवा लागला त्या दिवशी बागायताचा ऋतू संपला, असं म्हटलं तरी चालेल. ऋतूप्रमाणे खाणं उरलं ते जिरायतात, आणि तेही हौसेने नव्हे.

तुकोबांची पालखी बारामतीतून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा गावोगाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. त्या पिठल्याचं कौतुक फार होतं. पण ज्येष्ठाच्या शेवटाला, आषाढाच्या तोंडाला जिरायतातली बाई दुसरं वाढणार तरी काय? रानात तेव्हा पेरणी चाललेली असते, खुडायला काही नसतं. घरात असतं ते माघात निघालेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, मिरची आणि कांदा.

खरी चंगळ मार्गशीर्ष-पौषाची. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडायचे. खुडल्याने झाडाला फुटवे येतात, घाटे जास्त धरतात, म्हणून मालकही नाही म्हणत नाही. ही भाजी दव सुकल्यावर खुडावी, कारण पाल्यावर आंब असते आणि तिने बोटं चरचरतात. आजी रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पातळ फडकं पसरून ठेवायची, पहाटे ते आंबेने आणि दवाने ओलंचिंब झालेलं असायचं. पिळून बाटलीत भरायचं. पोट दुखलं की त्यातली चमचाभर. इतकं आंबट की पोटदुखी बरी, असं वाटायचं. पाला धुवायचा नाही, नाहीतर आंब जाते आणि भाजी पालापाचोळ्यासारखी लागते. तेलात लसूण, वाटलेली मिरची, मूठभर शेंगदाण्याचा कूट, वर बाजरीच्या पिठाचा हात. जास्त झालेला पाला सावलीत वाळवून ठेवायचा; चैत्र-वैशाखात त्याची पातळ भाजी होते.

मग हुरडा. शाळूचं कणीस दुधातून बाहेर पडून दाणा भरला पण अजून नखाने दबतो, एवढाच त्याचा काळ. एका रानात आठवडाभर म्हणा. आईचा फोन येतो तो आमंत्रणाचा नसतो, तंबीचा असतो : “हुरडा आलाय. चार दिसांनी आलीस तर जोंधळं खावं लागतील.” जमिनीत आगटी करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची. भाजलं की तळहातांत धरून गरम गरमच चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायची, आणि हिरवे, वाफाळते दाणे दुसऱ्याच्या पुढ्यात टाकायचे. मळणाऱ्याच्या तोंडात कमी जातं, हा हुरड्याचा नियम आहे. सोबत तिळाची चटणी, गूळ, दही. गूळभेंडी जातीचा शाळू असेल तर गुळाचीही गरज नाही. आता रस्त्याकडेला हुरडा पार्ट्यांचे फलक लागतात, माणशी दर, झोपाळा आणि बैलगाडीसकट. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या पैशावर कुणाचा तरी शाळू टिकतो आहे. शाळू उपटून काढावा लागतो, कंबर मोडते, आणि त्याला माणूस मिळत नाही.

एक मात्र खटकतं. जुनी माणसं ऋतूच्या तालावर डोलत जेवत होती, असं जे चित्र रंगवलं जातं, ते मी घरात पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते ऋतूशी भांडण. चैत्र लागला की मूग-मटकीचे सांडगे, कुरडया, पापड, वाळलेल्या गवारीच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या. हे सगळं कशासाठी, तर ज्या महिन्यांत रानात काही नसतं, ते महिने निभावायला. श्रावण-भाद्रपदात कणगीचा तळ दिसायला लागे, तेव्हा बांधावरचा तांदुळजा आणि घोळ ही चव नव्हती, गरज होती. 1972 च्या दुष्काळात तर ऋतूच आला नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापायच्या. तो मिलो सातासमुद्रापलीकडून, अमेरिकेतून आलेला. आईला अजून लालसर भाकरी बघवत नाही.

इंदापूरकडे गेलं तर ऋतू माणूसच ठरवतो. डाळिंबाच्या बागेला पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची, आणि मग पाणी सोडायचं ते मृगाला, हस्ताला की आंबे बहाराला, हे बाजार बघून ठरतं. मृग धरला तर फळ हिवाळ्यात, हस्त धरला तर उन्हाळ्याच्या सुमारास, आंबे बहार धरला तर पावसाळ्यात. एकाच गावात तिन्ही बहार धरणारे शेजारी शेजारी भेटतात. हंगामी फळ खा म्हणणाऱ्याने त्यांतल्या कुणाचा हंगाम धरायचा? उजनीचं धरण 1980 साली झाल्यापासून भिगवणला मासळीही बारमाही.

राहतं काय, तर बाजाराला नको असलेलं. कोवळ्या करडईची भाजी घ्या. थोड्याच दिवसांत तिला काटे फुटतात, खुडून पाटीत घातली की दुपारपर्यंत मान टाकते, तिला मंडईत कोण बसून विकणार? पाथरी तशीच, घोळही तशीच. या भाज्यांना पैसे नाही, ओळख लागते. जिरायतात कुणी आपलं असावं लागतं.

आमचा व्यवहार वर्षानुवर्षं ठरलेला आहे. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर घरी आली की त्यातली पायली-दोन पायली माहेरी जाते, आणि पौषात तिकडून हुरडा, हरभऱ्याचा पाला आणि करडई पिशव्या भरून येते. यंदा जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी भावाच्या रानाजवळ आलं. त्याने ताबडतोब एका तुकड्यात ऊस लावला, शाळू ठेवला तो घरापुरता. मला वाईट वाटलं, ते मी बोलून दाखवलं नाही. दहा वर्षं टँकरच्या रांगेत मी नव्हते, वहिनी होती. तिनेच फोनवर विचारलं, “वन्सं, पुढच्या साली साखर आमचीच असंल. मग तुम्ही वं काय आणणार?”