न्यूयॉर्क नको, आमचे ह्यूस्टन द्या

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,



आरव्हीतून प्रवास करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या कायद्यात दूरचित्रवाणीची एक खास सवलत आहे. गाडीच्या नोंदणीची प्रत आणि सही केलेले प्रतिज्ञापत्र उपग्रह कंपनीला दिले, की एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स या नेटवर्कच्या दूरच्या शहरांतल्या वाहिन्या देशभर कुठेही पाहता येतात. दूरच्या शहरांतल्या म्हणजे व्यवहारात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या. आम्ही ज्या गावात कर भरतो, मत देतो, जिथे आमचे घर कुलूप लावून उभे असते, त्या गावाची वाहिनी मात्र आम्हाला मिळत नाही. हे पत्र तेवढ्याच गोष्टीसाठी आहे आणि ती गोष्ट लहान नाही.

आम्ही ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, शुगर लँडला राहतो. दोघेही निवृत्त आहोत. टेक्सासचा उन्हाळा सोसवेनासा झाला की गाडी काढतो आणि उत्तरेकडे डोंगरांत जातो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते: आरव्ही म्हणजे चाकांवरचे घरच. झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, न्हाणीघर, कुकर आणि मिसळणाचा डबा ठेवायला कपाट, आणि बहुतेकांच्या छपरावर उपग्रहाची डिश. माझ्या पिढीतली कितीतरी मराठी जोडपी निवृत्तीनंतर अशी हिंडू लागली आहेत. मुलेबाळे वेगवेगळ्या राज्यांत पांगलेली, अंगात अजून ताकद आहे आणि देश पाहायचा राहिलेला आहे. हे पत्र मराठीत प्रसिद्ध करते आहे ते या मंडळींनी वाचावे, आपले अनुभव त्यात जोडावेत म्हणून. इंग्रजी प्रत रीतसर आपल्याकडे पाठवत आहे.

अडचण कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, पण वाचकांना ठाऊक असावे. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या स्थानिक बाजारपेठा २१० आहेत. प्रत्येकीच्या स्थानिक वाहिन्या संपूर्ण देशावर सोडायच्या म्हटल्या तर उपग्रहांची क्षमता पुरणार नाही. म्हणून २००१ च्या सुमारास उपग्रहांमध्ये लहान झोतांचे तंत्र आले. अंधाऱ्या मैदानात हातबॅटरीने एकच जागा उजळावी तसा हा झोत एका भागावरच पडतो. त्यामुळे एकच लहरपट्टी टेक्सासच्या झोतात एका वाहिनीला आणि दूरच्या ओरेगॉनच्या झोतात दुसऱ्या वाहिनीला वापरता येते. तंत्र उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त गाडी काहीशे मैल पुढे गेली की आपण झोताबाहेर पडतो आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. सीएनएन किंवा वेदर चॅनेलसारख्या वाहिन्या देशव्यापी झोतावर असतात, त्या चालू राहतात. घर तेवढे मागे राहते.

आता कायद्याकडे येते. १९८८ च्या सॅटेलाइट होम व्ह्यूअर कायद्याने दूरच्या नेटवर्क वाहिन्या उपग्रहाने दाखवायला परवानगी दिली, पण ज्यांच्या घरी छपरावरच्या अँटेनाने स्थानिक वाहिनी नीट दिसत नाही त्यांनाच. तेव्हा शेताच्या कडेला, अंगणात त्या मोठमोठ्या डिश असत. १९९९ मध्ये कायदा सुधारला, स्थानिक वाहिन्या त्यांच्याच भागात उपग्रहावरून दाखवायला मुभा मिळाली आणि त्याच वेळी आरव्ही आणि मालट्रक यांचा उल्लेख कायद्यात आला. त्यानंतर दर काही वर्षांनी त्याची मुदत तात्पुरती वाढवत नेली. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने दूरच्या वाहिन्यांचे बहुतेक अपवाद काढून टाकले, तरी आरव्ही आणि मालट्रकचा अपवाद ठेवला आणि कायमचा केला. कुठल्या तरी समितीत कुणीतरी आमचा आणि त्या ट्रकचालकांचा विचार केला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. ट्रकच्या केबिनमध्ये आठवडेच्या आठवडे झोपणारी माणसे आम्ही वाटेवरच्या थांब्यांवर पाहतो. त्यांत पंजाबी चालकही पुष्कळ भेटतात. दिवसभर चाक धरून आल्यावर त्यांनाही आपल्या गावात काय चालले आहे ते पाहावेसे वाटते.

पण हा विचार अर्ध्यावर थांबला. चालत्या गाडीला स्थानिक वाहिनी नसते, एवढे कायद्याने ओळखले. त्या गाडीतल्या माणसाला गाव असते, हे ओळखले नाही.

जुलै २०२४ घ्या. ८ तारखेला बेरिल चक्रीवादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागले आणि ह्यूस्टनवरून गेले. बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. त्या आठवड्यात आमच्यासारखे कितीतरी ह्यूस्टनकर वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडोत होते, कारण उन्हाळ्यात निघायचा काळ आणि वादळांचा काळ एकच आहे. न्यूयॉर्कच्या बातम्यांत आम्हाला काय दिसले? पडलेले एक झाड, रेनकोट घातलेला वार्ताहर, आणि मग मॅनहॅटनच्या भुयारी रेल्वेची बातमी. न्यूयॉर्कच्या केंद्राचा यात दोष नाही. ते त्यांच्या गावासाठी बोलतात आणि तसेच बोलायला हवे. आम्हाला हवे होते ते वेगळे: ब्रेज बायू या ओढ्याचे पाणी कुठवर आले, कुठल्या वस्तीत वीज परतली, बर्फ आणि पिण्याचे पाणी कुठे वाटतात, शेजारच्या आजींना थंड खोलीत नेण्यासाठी कुठले केंद्र उघडे आहे. त्या दिवसांत वीज कुठे आहे याचा भरवशाचा नकाशाच शहरात नव्हता. लोक व्हॉटाबर्गर या खाद्यगृहांच्या ॲपवर कुठल्या शाखा उघड्या आहेत ते पाहून वीज कुठे आली याचा अंदाज बांधत होते. ज्या शहराला अशा खुणांवरून आपली स्थिती शोधावी लागते, तिथे स्थानिक दूरचित्रवाणीचे मोल काय असेल, ते आपण जाणताच.

२०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पुरात ह्यूस्टनच्या केएचओयू केंद्राच्या इमारतीतच पाणी शिरले. बफेलो बायूच्या काठावर, ॲलन पार्कवेवर ते केंद्र होते. माणसांना इमारत सोडावी लागली, तरी दुसऱ्यांच्या जागेतून, दुसऱ्यांच्या यंत्रांवर त्यांनी प्रक्षेपण पुन्हा उभे केले. स्थानिक वाहिनी ही अशी संस्था असते. तिचे निवेदक, तिचा हवामानतज्ज्ञ आम्ही वर्षानुवर्षे रोज पाहिलेला असतो. त्याने बाही वर सारून नकाशासमोर उभे राहायला सुरुवात केली की घरातल्या सगळ्यांना कळते, या वेळी खरेच काळजी करायला हवी. हा विश्वास न्यूयॉर्कहून मागवता येत नाही.

आणखी एक गोष्ट फिरणाऱ्यांच्या जिवाशी जोडलेली आहे. प्रवाशाला दोन ठिकाणच्या बातम्या लागतात: जिथे घर आहे तिथल्या आणि जिथे आज गाडी उभी आहे तिथल्या. नेब्रास्कात संध्याकाळी आभाळ हिरवट होते आणि टोर्नेडोचा इशारा काउंटीच्या नावाने दिला जातो, तेव्हा आपण कुठल्या काउंटीत आहोत हेही परगावच्या माणसाला ठाऊक नसते. त्या वेळी न्यूयॉर्कची वाहिनी लावून बसणे धोक्याचे आहे. तिथे कामाला येतो छपरावरचा साधा अँटेना, हवेतून फुकट येणारी जवळची वाहिनी आणि हवामान खात्याचा रेडिओ. म्हणून माझ्या सर्व मराठी आरव्हीवाल्या मित्रमंडळींना सांगणे आहे: डिश कितीही भारी असो, अँटेना काढून टाकू नका आणि मुक्कामाला पोहोचताच काउंटीचे नाव विचारून दारावर लिहून ठेवा.

या दोन्ही गरजा समोर ठेवल्या की आजच्या सवलतीची उणीव स्पष्ट दिसते. उभ्या जागेची बातमी अँटेना देतो. घराची बातमी उपग्रहाने द्यायला हवी. उपग्रह देतो तिसऱ्याच गावाची.

इंटरनेट आहे की, असे आपण म्हणाल. आहे, आणि त्याचा आम्हाला आधारही आहे. मराठी बातम्यांच्या वाहिन्या फोनवर थेट दिसतात. सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुठवर चढले ते वायोमिंगमध्ये बसून कळते. ह्यूस्टनची केंद्रेही आपल्या बातम्या इंटरनेटवर मोकळेपणाने देतात आणि वादळात तर तासन्‌तास देतात. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण राष्ट्रीय उद्यानांच्या दऱ्यांत, नेवाडाच्या वाळवंटात, टेक्सासच्याच बिग बेंडमध्ये मैलोन्‌मैल फोनला सिग्नल नसतो. उपग्रहावरून येणारे इंटरनेट २०२२ पासून आरव्हीसाठी मिळू लागले आहे, पण ठरलेल्या निवृत्तिवेतनात दरमहा आणखी एक बिल प्रत्येकाला झेपत नाही. ज्यांच्या छपरावर डिश आधीच बसवलेली आहे, तिचे पैसे भरलेले आहेत, त्यांना तिच्यातूनच हे मिळायला हवे.

स्थानिक केंद्रांचा आक्षेपही मी समजून घेते. बाहेरगावच्या वाहिन्या खुल्या झाल्या तर प्रेक्षक फुटतील, जाहिराती घटतील आणि लहान गावातली बातमीच बंद पडेल. हे भय खरे आहे आणि १९३४ च्या कम्युनिकेशन्स कायद्यापासून आपल्या कमिशनने स्थानिकत्वाचे तत्त्व जपले ते योग्यच केले. पण मोंटानातल्या बोझमनला दोन रात्री थांबलेला ह्यूस्टनकर त्या गावच्या केंद्राचा प्रेक्षक कधी नव्हताच. त्याने ह्यूस्टनची वाहिनी पाहिली तर ह्यूस्टनच्या केंद्राला आपला हरवलेला प्रेक्षक परत मिळतो. नुकसान झालेच तर न्यूयॉर्कच्या वाहिनीचे, आणि तिला आमच्या गाड्या मोजण्याची गरज नाही.

कायमचे रस्त्यावर राहणाऱ्यांचे तर आणखी वेगळे आहे. ह्यूस्टनच्या उत्तरेला लिव्हिंग्स्टन नावाचे गाव आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या एस्केपीज या आरव्ही संघटनेचे मुख्यालय तिथे आहे आणि देशभर हिंडणाऱ्या सभासदांचे टपाल तिथे येते. अनेकांचा कायदेशीर पत्ता, वाहन परवाना, मतदार नोंदणी सारे तिथलेच आहे. ते ह्यूस्टनच्या बाजारपेठेत मोडतात. नागरिक म्हणून ते टेक्सासचे आहेत आणि टेक्सासच्या निवडणुकीआधीच्या चर्चा त्यांना दिसत नाहीत.

आता मागणी. कायदा नीट वाचला तर त्यात न्यूयॉर्कचे नाव कुठेही नाही. एका नेटवर्कची दिवसाला जास्तीत जास्त दोन दूरची केंद्रे दाखवता येतात, एवढेच म्हटले आहे. कुठली दोन, ते कंपन्या ठरवतात आणि देशव्यापी झोतावर जी आधीच आहेत ती देतात. याचा अर्थ, आजच्या कायद्यातही वाट आहे. एखाद्या भागात राज्यपालांनी किंवा राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली, की तेवढे दिवस दोनांपैकी एक जागा त्या भागातल्या केंद्राला द्यावी. लॉस एंजेलिस थोडे दिवस थांबेल. काही मोठ्या वादळांच्या वेळी उपग्रह कंपन्यांनी आपद्‌ग्रस्त भागातल्या केंद्रांचे प्रक्षेपण देशभर दाखवलेही आहे. ते मर्जीवर राहू नये, नियम व्हावा. केंद्रांच्या संमतीचे जे प्रश्न येतील ते आधीच सोडवून ठेवावेत, कारण वादळ किनाऱ्यापासून दोन दिवसांवर असताना करार होत नाहीत.

दुसरी मागणी काँग्रेसकडे जाणारी आहे, पण तिला आपल्या शिफारशीचे बळ हवे. केंद्रांच्या परवानगीशिवाय स्थानिक वाहिन्या इंटरनेटवरून देण्याचे प्रयत्न न्यायालयात टिकले नाहीत; २०१४ मध्ये एरिओ आणि २०२१ मध्ये लोकास्ट या सेवा बंद पडल्या. म्हणून ही मुभा कायद्यातच हवी. जी सेवा आम्ही घरच्या पत्त्यावर पैसे भरून घेतो, तिच्यातली आमच्याच गावची वाहिनी गाडी राज्याबाहेर गेली म्हणून थांबू नये. ओळख पटवायला गाडीच्या नोंदणीची प्रत आणि सही केलेले प्रतिज्ञापत्र १९९९ पासून पुरेसे ठरले आहे, इथेही तेवढेच पुरेसे मानावे.

आपत्तीच्या नियमासाठी आपण सार्वजनिक सूचना मागवाव्यात आणि त्या येत्या १ जूनपूर्वी, वादळांचा काळ सुरू होण्याआधी मागवाव्यात, अशी विनंती आहे. सूचना मागवल्या त्या दिवशी माझी पाठवीन आणि ओळखीच्या प्रत्येक आरव्हीवाल्याला पाठवायला सांगेन.

आपली,
शुगर लँड, टेक्सास येथील एक प्रेक्षक